नोकरी सांभाळून शिकविण्याचा जोडधंदा



गेल्या पावसाळ्यांत माझ्या खात्यांतला एक तरुण सहकारी दुपारच्या सुटींत माझ्या शेजारीं येऊन बसला. डबा संपेपर्यंत तो इकडचें तिकडचें बोलत राहिला आणि शेवटीं म्हणाला, “सर, तुम्ही इतकीं वर्षं नोकरी करून बाहेर शिकवतां. मलाही संध्याकाळीं संगणकावरच्या ड्रॉइंगचे वर्ग सुरू करावेसे वाटतात. शिकवायचं काय, तें मला येतं. बाकी काय लागतं?” तेवढ्यांत भोंगा झाला आणि मीं त्याला कांहींतरी थातुरमातुर उत्तर देऊन वाटेस लावलें. आज तुमच्यासमोर बोलावयाचें आहे तें त्याच्या त्या ‘बाकी’विषयीं.

मी पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी खात्यांत नोकरीस आहें. बाहेरून बनून येणारे सुटे भाग मोजावयाचे आणि ते ठेवून घ्यावयाचे कीं परत पाठवावयाचे, हें ठरवावयाचें, हें माझें काम. असे भाग बनविणारीं लहान वर्कशॉपें भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत गल्लोगल्लीं आहेत. दोन-तीन लेथ, एखादें मिलिंग मशीन, अलीकडे कर्जानें घेतलेलें एक सीएनसी, आणि आठ-दहा माणसें. त्यांतला एखादा आयटीआय झालेला असतो. बाकीचे हेल्पर म्हणून आले आणि हातानें शिकले. हात त्यांचा तयार असतो, परंतु ड्रॉइंग वाचणें आणि शेंकडाव्या मिलिमीटरापर्यंत विश्वासानें मोजणें त्यांस कोणीं शिकविलेलेंच नसतें.

२०१५ सालीं आमच्याच सोसायटींत राहणाऱ्या एका वर्कशॉपच्या मालकांनीं मला विचारलें, कीं आमच्या पोरांना जरा ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर शिकवाल काय? मला हर्ष झाला. आपल्याला येत असलेली गोष्ट कोणी पैसे देऊन शिकूं इच्छितो, हें ऐकून ज्याला हर्ष होत नाहीं असा मनुष्य मीं अद्याप पाहिलेला नाहीं. किती घ्याल, असें त्यांनीं विचारल्यावर मात्र मी लाजलों आणि सहा संध्याकाळींचे सहा हजार रुपये सांगून मोकळा झालों. त्यांनीं तें इतक्या झटकन् मान्य केलें, कीं आपण चुकलों हें मला त्याच क्षणीं कळावयास हवें होतें.

कळलें तें दोन महिन्यांनीं, हिशेब मांडल्यावर. शिकविण्याचे तास सहा वेळां दोन, म्हणजे बारा. जाण्या-येण्याचा दीड तास धरून नऊ. आणि तयारी? ती चोवीस तासांची झाली होती. चार पोरांना टॉलरन्स समजावून सांगण्यासाठीं मीं स्वयंपाकघरांतल्या टेबलावर रात्रीं बसून बावीस ड्रॉइंगें काढलीं, कारण कारखान्यांतलें एकही ड्रॉइंग बाहेर न्यावयाचें नाहीं, एवढी बुद्धि मला सुदैवानें पहिल्या दिवसापासून होती. तीं ड्रॉइंगें कंपनीचीं. त्यांवरचें शिंत्र फाडून टाकल्यानें तीं माझीं होत नाहींत. असे एकूण पंचेचाळीस तास गेले. पेट्रोल आणि झेरॉक्स यांचे नऊशें रुपये वजा जातां उरले पांच हजार शंभर. म्हणजे ताशीं ११३ रुपये! त्याच संध्याकाळीं कारखान्यांत ओव्हरटाइम केला असता तर याहून अधिक मिळाले असते आणि चहाही फुकट मिळाला असता.

हा हिशेब मी मुद्दाम सांगत आहें. जो तो वर्गांत उभें राहण्याच्या तासांचे पैसे सांगतो. त्या तासामागें उभे असलेले तास कोणी मोजीत नाहीं. पुढच्या खेपेस तींच ड्रॉइंगें, तींच उदाहरणें, त्याच चुका हाताशीं होत्या. तयारीस पांच तास पुरले आणि दहा हजार रुपये मागतांना जीभ अडखळली नाहीं. या धंद्यांत भांडवल म्हणून कांहीं असेल तर तें म्हणजे एकदां नीट करून ठेवलेली तयारी. तिला दर वेळीं थोडें ताजें करावें लागतें. त्या त्या वर्कशॉपांतले जॉब आधीं मागवून घेऊन त्यांवरच शिकवावें लागतें. नाहीं तर पोरें माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशीं पूर्वीसारखेंच मोजतात.

वेळेची अडचण आमच्या भागांत थोडी विचित्र आहे. भोसरी-पिंपरीकडे औद्योगिक सुटी गुरुवारीं असते. माझी सुटी गुरुवारची, वर्कशॉपांची सुटीही गुरुवारची. मला मोकळा असलेला दिवस पोरांनाही मोकळाच. आणि आठवड्यांतल्या एकुलत्या एक सुटीच्या दिवशीं मायक्रोमीटर हातीं घ्यावयास कोण येईल? तेव्हां वर्ग कामाच्या दिवशींच, पाळी सुटल्यावर, सहा ते आठ घ्यावे लागत. घरीं पोहोंचेपर्यंत नऊ-साडेनऊ होत. दुसऱ्या दिवशीं पहिली पाळी असली म्हणजे कंपनीची बस पहाटे सहाला. अशा सकाळीं मी मायक्रोमीटरचा तोच आंकडा तीन वेळां वाचीत असें. नोकरी देणारा आपले आठ तास विकत घेतो असें आपण म्हणतों, पण माझ्या मालकानें विकत घेतले होते ते माझे डोळे. आणि मी ते त्याला आदल्या रात्रीं दुसरीकडे वापरून देत होतों. हें ध्यानांत आल्यावर पहिल्या पाळीच्या आठवड्यांत वर्ग घ्यावयाचा नाहीं, असा नियम मीं केला. तो आजवर दोनदांच मोडला आहे.

अशी जोडगोळी हांकणारे पूर्वीही होते आणि मोठमोठे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९२५ ते १९२८, मुंबईंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकवीत असत. आणि आइन्स्टाइन यांची गोष्ट तर फारच गोड आहे. १९०२ च्या फेब्रुवारींत, हातीं नोकरी नसतांना, त्यांनीं स्वित्झर्लंडांतील बर्न शहराच्या वर्तमानपत्रांत गणित व पदार्थविज्ञान यांच्या खासगी शिकवणीची जाहिरात दिली. पहिला तास परीक्षेदाखल फुकट होता. ती वाचून सोलोविन नांवाचा एक विद्यार्थी आला आणि शिकवणी राहिली बाजूला, दोघे तासन्‌तास वाद घालीत बसूं लागले! धंदा म्हणून पाहिलें तर हा साफ बुडालेला व्यवहार. मैत्री मात्र जन्मभर टिकली. पुढें त्याच वर्षीं त्यांना पेटंट कचेरींत नोकरी लागली. १९०८ सालीं, ती नोकरी चालू असतांनाच, ते बर्नच्या विद्यापीठांत प्रिव्हाटडोझेंट झाले. या पदाला विद्यापीठ पगार देत नसे. जे श्रोते येतील त्यांची फी तीच प्राप्ति. त्यांचा उन्हाळ्यांतला वर्ग सकाळीं सात वाजतां, कचेरी उघडण्याच्या आधीं, भरे आणि श्रोते असत तीन. त्यांतलाही एक त्यांचा मित्र बेसो. १९०९ मध्यें झुरिकला प्राध्यापकाची जागा मिळाल्यावर त्यांनीं कचेरी सोडली. दिवसां दुसऱ्यांचीं यंत्रें तपासणारा हा मनुष्य पहाटे शिकवीत होता तें उष्णतेचें शास्त्र. ज्यांच्या अर्जांवर त्यांनीं कचेरींत शेरा मारावयाचा, ते त्यांच्या वर्गांत बसत नव्हते. ही गोष्ट पूर्वीं वाचतांना माझ्या लक्षांतही आली नव्हती. ती लक्षांत आली तेव्हां तिची किंमत मीं मोजलेली होती.

तो प्रसंग आतां सांगतों.

२०१८ सालीं एका वर्कशॉपचे मालक मला भेटावयास आले. वयानें माझ्या वडिलांएवढे. स्वतः लेथवर उभे राहून वर आलेले. त्यांना आठ संध्याकाळींचा वर्ग हवा होता आणि मी सांगत असें त्याच्या दुप्पट फी ते आपण होऊन देत होते. अडचण एकच होती. त्यांच्याकडे बनलेल्या पोलादी बुशा आमच्याच कारखान्यांत येत आणि बहुधा माझ्याच टेबलावर मोजल्या जात.

मीं मनाशीं वाद घातला, आणि वाद घालणारा मीच असल्यामुळें जिंकणाराही मीच होतों. यांचीं पोरें चांगलें मोजूं लागलीं तर माल चांगला येईल; म्हणजे कंपनीचाही फायदाच. यांत चोरी कसली? हा युक्तिवाद खोटा नव्हता, हेंच त्यांतलें वाईट. पूर्ण खोटी गोष्ट मनुष्य स्वतःलाही फार दिवस सांगूं शकत नाहीं. अर्धी खरी असली म्हणजे ती आयुष्यभर पुरते.

चार संध्याकाळीं छान झाल्या. एक हुशार पोरगा होता, लातूरकडचा. त्याला मीं बुशेचें आंतलें छिद्र बोअर गेजनें कसें मोजावें हें शिकविलें आणि सर्वांदेखत शाबासकी दिली. पांचव्या संध्याकाळच्या आधींच चारशें बुशांचा लॉट माझ्यापुढें आला. छिद्र पंचवीस मिलिमीटरचें. मोठें असलें तर फार तर एकवीस मायक्रॉननें मोठें असावें, आणि लहान तर मुळींच असतां कामा नये. नमुन्यादाखल बुशा उचलून मी प्लग गेज घालूं लागलों. ‘गो’ गेज आंत गेलें पाहिजे. पहिल्या बुशेंत तें गेलें. दुसरींत गेलें नाहीं. तिसरींतही नाहीं. छिद्रें लहान होतीं, चार-पांच मायक्रॉननें.

कारण मला तेथेंच, उभ्या उभ्याच, कळलें. मशीनवरून उतरलेला जॉब गरम असतो. पोलाद गरम असतांना फुगलेलें असतें आणि छिद्रही त्याबरोबर मोठें झालेलें असतें. तीस अंशांचा फरक असला तरी पंचवीस मिलिमीटरच्या छिद्रांत आठ-नऊ मायक्रॉनांचें अंतर पडतें. म्हणूनच मापें वीस अंश सेल्सिअस उष्णतामानास धरून सांगावयाचीं, असा जगभर नियम आहे. त्या पोरानें बुश मशीनवरून काढली, गरमागरमच मोजली, ती बरोबर आली, आणि थंड झाल्यावर ती आंखडली. त्यानें मीं शिकविलें होतें तंतोतंत तसें केलें होतें. जॉब आधीं निवूं द्यावा, हें वाक्य मीं त्याला सांगितलेंच नव्हतें. आमच्या तपासणी खोलींत येणारा माल आदल्या दिवसापासून थंड झालेला असतो. वर्षानुवर्षें थंड वस्तू मोजणाऱ्याला गरम वस्तूची आठवण राहिली नाहीं.

लॉट परत पाठविणें हें माझें काम होतें. मीं तो परत पाठविला नाहीं. पासही केला नाहीं. बाजूच्या रॅकवर ठेवला, पुन्हां मोजावयाचा आहे अशी चिठ्ठी लावली आणि घरीं गेलों. रात्रीं मालकांचा फोन आला. त्यांना कोठून तरी कळलें होतें. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरें झालें असतें. म्हणाले, “साहेब, तुम्हीच शिकवलंत, आन् आतां तुम्हीच परत पाठवणार होय? चार मायक्रॉननं कुणाचं काय अडतंय?” मीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. माझ्या पत्नीनें फोन ठेवल्यावर विचारलें, “काय झालं?” मीं सर्व सांगितलें. ती म्हणाली, “त्यांचे पैसे घेतलेत का?” अर्धे घेतले होते. “मग उद्यां आधीं तुमच्या साहेबांना सांगा. माल नंतर मोजा.”

सकाळीं मी आमच्या खात्याच्या प्रमुखांकडे गेलों आणि उभ्यानेंच सर्व सांगून टाकलें. त्यांनीं दुसऱ्या तपासनिसाला तो लॉट मोजावयास सांगितला. तो नापास झाला आणि छिद्रें रीमरनें पुन्हां साफ करण्यासाठीं परत गेला. एवढेंच नुकसान. मला वाटलें, सुटलों. तेव्हां ते म्हणाले, “लॉट चुकला याचं मला कांहीं वाटत नाहीं, असे रोज चुकतात. पण तो एक रात्र रॅकवर पडून होता. तो कां पडून होता, याचं मला वाईट वाटतं.”

त्यांनीं माझें नेमणूकपत्र काढून माझ्यापुढें ठेवलें. लेखी अनुमतीवांचून दुसरा कोणताही व्यवसाय करणार नाहीं, असें त्यांत लिहिलें होतें आणि खालीं माझीच सही होती. सही केल्याला चौदा वर्षें झालीं होतीं. तें कलम मीं त्या दिवशीं प्रथम वाचलें. मी अर्ज केला. महिन्यानें अनुमति आली, दोन अटींवर: कंपनीला माल पुरविणाऱ्या कोणासही शिकवावयाचें नाहीं, आणि दर सहा महिन्यांनीं कोणास शिकविलें त्याची यादी द्यावयाची. त्या वृद्ध मालकांचे पैसे मीं परत केले आणि उरलेल्या चार संध्याकाळींसाठीं टूलरूममधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना त्यांच्याकडे पाठविलें. पैसे त्यांनीं घेतले, पण माझ्याशीं ते पूर्वीसारखे बोलत नाहींत. माझ्या गिऱ्हाइकांतलीं निम्मीं वर्कशॉपें त्या एका अटीनें गळलीं. दोन वर्षें जोडधंदा जेमतेम चालला.

कायद्याचा भाग मी थोडक्यांत उरकतों, कारण तो ज्याचा त्यानें आपल्या नोकरीपुरता पाहावयाचा असतो. केंद्र सरकारच्या नोकरांना १९६४ च्या आचारनियमांनीं पूर्वसंमतीवांचून धंदा किंवा दुसरी नोकरी करण्याची मनाई आहे; अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय कामाला मात्र, त्यानें सरकारी कामांत व्यत्यय येत नसेल तर, सवलत आहे. शाळेंतल्या शिक्षकांना २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें खासगी शिकवणीच करतां येत नाहीं. खासगी नोकरींत जें करारांत लिहिलें असेल तें. २०२२ सालीं विप्रो कंपनीच्या अध्यक्षांनीं, प्रतिस्पर्ध्यांचें काम करतांना आढळलेल्या तीनशें जणांना दूर केल्याचें जाहीर केलें, तेव्हां वर्तमानपत्रांत मोठें काहूर उठलें. त्याच वर्षीं स्विगी कंपनीनें आपल्या नोकरांना अटींवर जोडकाम करण्याची मोकळीक दिली होती. लोक दोन तट करून भांडले; मला दोन्ही कंपन्यांचें म्हणणें एकच वाटलें. काम कोणाचें करतां, हें आम्हांस माहीत असूं द्या.

करांविषयीं एवढेंच, कीं पगाराखेरीजची ही प्राप्ति विवरणपत्रांत निराळी दाखवावी लागते आणि केवळ पगारदारांसाठीं असलेला सोपा नमुना मग चालत नाहीं. वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आंत असली तर महाराष्ट्रांत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाहीं. आमच्यासारख्यांना ती मर्यादा स्वप्नांतही ओलांडावयाची नसते. पैसा वसूल करण्याविषयीं मात्र अनुभवाचे दोन शब्द: निम्मी फी पहिल्या संध्याकाळच्या आधीं. वर्ग संपल्यावर मालकाला तुमची आठवण प्रेमानें येते, पण बिलाची येत नाहीं.

मला नेहमीं विचारतात, कीं इतकें जमतें आहे तर नोकरी कां सोडीत नाहीं? पोट आणि घराचे हप्ते हें एक उत्तर आहेच, आणि तें मी लपवीत नाहीं. परंतु दुसरेंही आहे. मी संध्याकाळीं जें शिकवितों तें सकाळीं माझ्या टेबलावर आलेलें असतें. यंदां कोणत्या चुका होत आहेत, नवीं मशीनें आल्यापासून पोरें कोठें फसतात, हें मला तेथें कळतें. नोकरी सोडून पांच वर्षें झाल्यावर मी पांच वर्षांपूर्वींच्या चुका शिकवीत बसेन. असे शिकविणारे मीं पाहिले आहेत. त्यांचीं उदाहरणें ऐकूनच त्यांनीं कारखाना कोणत्या सालीं सोडला तें सांगतां येतें. आमच्या तरुण सहकाऱ्याची गोष्ट निराळी असूं शकेल. ज्याचा विषय नोकरीवांचूनही ताजा राहतो, त्यानें तीन-चार वर्षें दोन्ही चालवून पाहावीं आणि मग खुशाल ठरवावें. मात्र पहिल्या वर्गाआधीं त्यानें साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवावा. भोंग्याच्या गडबडींत मीं त्याला हेंच सांगावयास हवें होतें; दुसऱ्या दिवशीं मीं तें सांगितलें. तो म्हणाला, “नाहीं म्हणाले तर?” मी म्हणालों, “तर आज कळेल. मला तीन वर्षांनीं कळलं.”

घरचा हिशेब निराळा. आमच्या मुलीनें एकदां शाळेच्या निबंधांत लिहिलें होतें, कीं माझे बाबा रात्रीं ड्रॉइंग काढतात आणि गुरुवारीं झोपतात. तेव्हांपासून गुरुवारीं मी झोपत नाहीं. महिन्यांतून सहाहून अधिक संध्याकाळीं घ्यावयाच्या नाहींत असा करार घरीं झाला आहे. तो लेखी नाहीं, पण कंपनीच्या अनुमतिपत्रापेक्षां अधिक कडक आहे.

आतां प्रत्येक नव्या वर्गाची पहिली संध्याकाळ मी एकाच रीतीनें सुरू करतों. चालू मशीनवरून एक बुश काढावयास सांगतों आणि पोरांना ती लगेच मोजावयास लावतों. आंकडा फळ्यावर लिहितों. मग ती टेबलावर ठेवून देतों आणि म्हणतों, चहा मागवा. चहा येतो, बिस्किटें येतात, कोण कोठल्या गांवचा याच्या गप्पा होतात. कप परत गेले, कीं तीच बुश, तेंच गेज, तोच पोरगा. तो एकदां मोजतो, गेज पुसून पुन्हां मोजतो, आणि मग फळ्याकडे पाहतो.